विदेश विनिमयातील मार्जिन व उत्तोलन

विदेश विनिमयातील मार्जिन व उत्तोलन : परकीय चलनाच्या सौद्याचे संपूर्ण मूल्य न देता, त्याचा एक लहान अंश अनामत ठेवून तो सौदा करण्याची पद्धत. या अनामत रकमेस ‘मार्जिन’ म्हणतात. अनामत रकमेच्या जितक्या पट मूल्याचा सौदा करता येतो, त्या पटीस ‘उत्तोलन’ ही संज्ञा आहे. पहारीच्या एका टोकावर थोडा जोर देऊन दुसऱ्या टोकाचा जड धोंडा हलविता येतो, त्याप्रमाणे थोड्या भांडवलावर मोठा सौदा पेलता येतो, म्हणून ही संज्ञा रूढ झाली. मार्जिन व उत्तोलन यांचे प्रमाण परस्परांच्या व्यस्त असते. मार्जिन ५ टक्के असल्यास उत्तोलन २० पट, २ टक्के असल्यास ५० पट व १ टक्का असल्यास १०० पट होते. आयात-निर्यात करणारे उद्योजक, बँका व सटोडिये हे तिघेही या पद्धतीचा उपयोग करतात; तथापि एकच पद्धत यांपैकी एकाला संरक्षण देते, तर दुसऱ्याला अल्पावधीत निर्धन करू शकते. हा भेद कशामुळे पडतो, हे समजण्यासाठी मार्जिनचे खरे स्वरूप पाहणे आवश्यक आहे.

स्वरूप : मार्जिन ही वस्तूच्या किंमतीपोटी दिलेली विसार-रक्कम नव्हे. घर किंवा यंत्र हप्त्याने घेताना प्रथम दिलेली रक्कम किंमतीत वळती होते व उरलेल्या रकमेवर व्याज लागते. वायद्याच्या सौद्यात मात्र ठरलेल्या दिवसापर्यंत कोणीही कोणाला डॉलर किंवा पौंड दिलेले नसतात. दोन्ही पक्षांनी केवळ वचन दिलेले असते. दर प्रतिकूल गेल्यास एखादा पक्ष वचन मोडण्याचा संभव असतो. त्या संभवाविरुद्ध दोन्ही पक्षांकडून घेतलेली हमी म्हणजे मार्जिन होय. म्हणूनच ते खरेदीदार व विक्रेता या दोघांनाही भरावे लागते आणि सौदा सुरळीत पार पडल्यावर परत मिळते. यावरून असेही दिसून येते की, मार्जिनची रक्कम म्हणजे संभाव्य तोट्याची कमाल मर्यादा नव्हे. तोटा सौद्याच्या पूर्ण मूल्यावर मोजला जातो आणि तो मार्जिनपेक्षा अधिक झाल्यास उरलेली रक्कमही देणे लागते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : परस्परांस ओळखणाऱ्या व्यापाऱ्यांत अशा हमीची गरज नसे. भारतात हुंडीचा व्यवहार पेढीच्या पतीवर चाले. सिंधमधील शिकारपूरच्या सावकारांच्या हुंड्या मध्य आशियापर्यंत चालत. सिंधमधीलच हैदराबादचे ‘सिंधवर्की’ व्यापारी अनेक देशांतील बंदरांत दुकाने थाटून होते. नाव व घराणे हीच तेथे हमी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणनजीकच्या लष्करी छावणीत वसले व १९४९ मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. व्यापारातील पतीची ही परंपरा त्यांच्यातील व्यापारी घराण्यांबरोबर तेथे आली. अनोळखी माणसांनी बाजारात एकत्र येऊन सौदे करावयाचे असल्यास मात्र वैयक्तिक पत पुरेशी पडत नाही. तिची जागा रोख अनामत घेते.

परकीय चलनाच्या वायद्यांस खरी चालना स्थिर विनिमय दरांची व्यवस्था कोसळल्यावर मिळाली. अमेरिकेने ऑगस्ट १९७१ मध्ये डॉलरची सोन्यातील परिवर्तनीयता थांबविली व मे १९७२ मध्ये शिकागो येथे परकीय चलनांचे वायदे सुरू झाले. रुपया १९७५ पर्यंत पौंडाशी व त्यानंतर काही चलनांच्या समूहाशी निगडित होता. मार्च १९९३ पासून त्याचा दर मुख्यत्वे बाजारात ठरू लागला, तेव्हा दरातील चढउतारांची जोखीम भारतीय व्यापाऱ्यांवर थेट येऊन पडली. राष्ट्रीय शेअर बाजारात २९ ऑगस्ट २००८ रोजी डॉलर-रुपया वायदे सुरू झाले; यूरो, पौंड व येन यांचे रुपयातील वायदे २०१० मध्ये आले.

कार्यपद्धती : भारतीय बाजारात डॉलर-रुपया वायद्याचा एक करार १,००० डॉलरचा असतो. त्याची पूर्तता डॉलर देऊन-घेऊन होत नाही. मुदतीच्या दिवशीच्या संदर्भ दरानुसार फरकाची रक्कम रुपयांत चुकती केली जाते. सौदा नोंदला जाताच समाशोधन गृह दोन्ही पक्षांच्या मध्ये उभे राहते. ते विक्रेत्याच्या दृष्टीने खरेदीदार व खरेदीदाराच्या दृष्टीने विक्रेता बनते. त्यामुळे समोरचा पक्ष कोण, हे जाणण्याची कोणालाही आवश्यकता राहत नाही. समाशोधन गृहाला ही जबाबदारी पेलता यावी म्हणून पुढील प्रकारच्या रकमा घेतल्या जातात.

(१) प्रारंभिक मार्जिन : सौदा करतानाच भरावयाची ही अनामत रक्कम होय. एका दिवसात दर किती हलू शकेल याचा अंदाज बांधून, शंभरापैकी नव्व्याण्णव दिवशी होणारा तोटा भरून निघेल इतकी ती ठेवतात. ही आकडेमोड ‘स्पॅन’ या शिकागो येथे १९८८ मध्ये तयार झालेल्या पद्धतीने केली जाते. भारतात वायदे सुरू झाले तेव्हा डॉलर-रुपया करारासाठी ही रक्कम पहिल्या दिवशी किमान १·७५ टक्के व त्यानंतर किमान १ टक्का ठरविली होती. बाजारातील अस्थिरता वाढली की, मार्जिनही वाढते.

(२) आत्यंतिक हानी मार्जिन : उरलेल्या शंभराव्या दिवसाची, म्हणजे अपवादात्मक उलथापालथीची, तरतूद म्हणून ही रक्कम वेगळी घेतली जाते. प्रारंभी ती सौद्याच्या मूल्याच्या १ टक्का होती.

(३) दैनिक मूल्यसमायोजन : दररोज बाजार बंद झाल्यावर प्रत्येक उभ्या सौद्याचे त्या दिवसाच्या दराने मूल्य काढतात. ज्याला तोटा झाला असेल त्याच्याकडून तेवढी रक्कम रोखीने वसूल करून ज्याला नफा झाला असेल त्यास देतात. तोटा मुदतीपर्यंत साचू न देणे हा या पद्धतीचा गाभा आहे. दलालाने मागितलेली रक्कम ग्राहकाने वेळेत न भरल्यास दलाल उलटा सौदा करून मूळ सौदा मिटवून टाकतो. बाजारातील बोलीत यालाच ‘सौदा कापणे’ म्हणतात.

उदाहरण : डॉलरचा दर ८५ रुपये व एकूण मार्जिन ३ टक्के आहे असे मानल्यास १०० करारांचे, म्हणजे १ लाख डॉलरचे, मूल्य ८५ लाख रुपये होते व त्यासाठी २ लाख ५५ हजार रुपये अनामत ठेवावी लागते. उत्तोलन सुमारे ३३ पट झाले. दर १ टक्का, म्हणजे ८५ पैसे, प्रतिकूल गेल्यास ८५ हजार रुपयांचा तोटा होतो. चलनाच्या दरातील एक टक्क्याचा हा बदल अनामत रकमेच्या एकतृतीयांशाइतका असतो. दर २ रुपये ५५ पैशांनी प्रतिकूल गेल्यास अनामतीइतकी रक्कम गमावली जाते. अनुकूल बदलात नफाही याच पटीत होतो. तथापि नफा व तोटा यांचा परिणाम सारखा नसतो; निम्मे भांडवल गेल्यावर पूर्वस्थितीला येण्यासाठी उरलेल्या भांडवलावर शंभर टक्के नफा व्हावा लागतो.

उद्योगधंद्यांच्या दृष्टीने महत्त्व : ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावरील सलग पट्टा या विषयाच्या व्यावहारिक बाजूचे चांगले उदाहरण आहे. अंबरनाथ व बदलापूर येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती असून तेथे रसायने, औषधी द्रव्ये, अभियांत्रिकी माल इत्यादींचे अनेक लहान व मध्यम कारखाने आहेत. उल्हासनगर तयार कपडे, विशेषतः जीन्स, व लाकडी सामान यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. जवाहरलाल नेहरू बंदर (न्हावा शेवा) जवळ असल्याने अशा ठिकाणच्या कारखानदारास परदेशी ग्राहक किंवा परदेशी कच्चा माल दुर्लभ नाही. माल रवाना झाल्यापासून पैसे हाती येईपर्यंत बहुधा दोन-तीन महिने जातात व त्या काळात डॉलरचा दर खाली आल्यास निर्यातदाराचा सर्व नफा नाहीसा होऊ शकतो. आयात करणाऱ्याची भीती याच्या उलट, म्हणजे डॉलर महागण्याची असते.

अंबरनाथच्या एखाद्या रसायन-उत्पादकाला तीन महिन्यांनी १ लाख डॉलर यावयाचे आहेत असे समजू. तो आजच ८५ रुपये दराने १०० करार विकून ठेवतो. (वायद्याचा दर चालू दरापेक्षा थोडा वेगळा असतो, तो फरक व दलाली येथे हिशेबात धरलेली नाही.) डॉलर ८३ रुपयांवर आल्यास मालाचे ८३ लाख व वायद्यावरील नफ्याचे २ लाख, असे ८५ लाख रुपये त्याला मिळतात. डॉलर ८७ रुपये ५५ पैशांवर गेल्यास मालाचे ८७ लाख ५५ हजार येतात व वायद्यात २ लाख ५५ हजार जातात. निव्वळ प्राप्ती पुन्हा ८५ लाखच राहते. दर कोणत्याही दिशेला गेला, तरी प्राप्ती निश्चित होते. येथे उत्तोलन सट्ट्याचे साधन राहत नाही, कारण वायद्यातील प्रत्येक रुपयाच्या तोट्यामागे मालाच्या किंमतीतील एक रुपयाचा लाभ उभा असतो.

परंतु या दोन रकमा एकाच दिवशी येत-जात नाहीत. वायद्यातील तोटा दररोज रोखीने भरावा लागतो व मालाचा लाभ तीन महिन्यांनी मिळतो. मधल्या काळात रोख रक्कम उपलब्ध नसल्यास संरक्षणच संकटाचे कारण ठरते. वरील उदाहरणात डॉलर ८७ रुपये ५५ पैशांवर असताना कारखानदाराला भरणा करता आला नाही व दलालाने सौदा कापला, तर २ लाख ५५ हजारांचा तोटा कायम होतो. पुढे मुदतीच्या सुमारास डॉलर ८३ रुपयांवर उतरला, तर मालाचे ८३ लाख व त्यातून तोटा वजा जाता केवळ ८० लाख ४५ हजार रुपये हाती राहतात. वायदा मुळीच केला नसता, तर ८३ लाख मिळाले असते. तो शेवटपर्यंत टिकविला असता, तर ८५ लाख. अर्ध्यावर सुटलेले संरक्षण हे तिन्हींत सर्वांत महाग पडते. म्हणून प्रारंभिक मार्जिनइतकीच रक्कम हाती ठेवून केलेले जोखीम-निवारण अपुरे असते. प्रतिकूल दराच्या काळात रोज भरावयाच्या रकमेची वेगळी तरतूद, उदा., बँकेकडील न वापरलेली कर्जमर्यादा, आवश्यक ठरते.

ही केवळ तात्त्विक शक्यता नव्हे. मे २०१३ च्या प्रारंभी ५४ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर ऑगस्टअखेर ६८ रुपयांच्या पलीकडे गेला. या काळात विक्रीचा सौदा धरून बसलेल्या निर्यातदारास दर १ लाख डॉलरमागे सुमारे १४ लाख रुपये मध्यंतरी भरावे लागण्यासारखी स्थिती होती. शिवाय सट्ट्यास आळा घालण्यासाठी भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने (सेबी) जुलै २०१३ मध्ये डॉलर-रुपया करारांवरील प्रारंभिक व आत्यंतिक हानी ही दोन्ही मार्जिने दुप्पट केली आणि सौद्यांच्या कमाल मर्यादाही कमी केल्या. मार्जिन वाढविण्याची वेळ बहुधा अशीच, म्हणजे व्यापाऱ्याकडे रोख रकमेची सर्वाधिक ओढ असतानाची, असते.

बँकेशी केलेल्या आगाऊ कराराची (फॉरवर्ड) रीत वेगळी आहे. तेथे रक्कम व तारीख मालाच्या हुंडीनुसार ठरविता येते, प्रत्यक्ष डॉलरची देवघेव होते व सामान्यतः दररोज रोख भरणा करावा लागत नाही. बँक ग्राहकाच्या पतमर्यादेचा काही भाग त्यासाठी राखून ठेवते किंवा मुदत ठेव तारण घेते. तेही मार्जिनच होय. ज्या लहान कारखान्यास बँकेत अशी पतमर्यादा नाही, त्याला बाजारातील वायदा सोयीचा वाटतो. मात्र तेथील दैनिक भरण्याचा भार त्यालाच अधिक जड जातो. उत्तोलन कराराच्या अटींत दडलेलेही असू शकते. २००७ मध्ये डॉलर ४० रुपयांच्या खाली गेला असता तमिळनाडूतील तिरुप्पूरच्या व इतरही अनेक निर्यातदारांनी बँकांशी येन, स्विस फ्रँक इ. चलनांवर आधारित गुंतागुंतीचे करार केले. प्रतिकूल दर आल्यास मूळ रकमेच्या काही पट रक्कम देण्याचे बंधन अशा करारांपैकी काहींत होते. पुढील वर्षी झालेल्या मोठ्या तोट्यांमुळे हे वाद न्यायालयांपर्यंत गेले.

सट्टा व त्यातील धोके : ज्याला परकीय चलनात काही येणे किंवा देणे नाही, त्याच्या सौद्यातील तोट्यास भरून काढणारी दुसरी बाजू नसते. अशा ग्राहकांसाठी परदेशांतील दलाली संस्था ‘फरकाचे करार’ देऊ करतात. त्यांत चलनाची देवघेव न होता केवळ दरातील फरक चुकता केला जातो आणि पुष्कळदा दलाली संस्थाच सौद्याची दुसरी बाजू असते. ग्राहकाचा तोटा हा तिचा नफा ठरू शकतो. काही संस्था ५०० पटींपर्यंत उत्तोलन देतात. इतक्या उत्तोलनात दर ०·२ टक्के, म्हणजे ८५ रुपयांमागे १७ पैसे, हलला तरी अनामत संपते. एवढी हालचाल कित्येकदा एका दिवसातच होते. खर्चाचा भारही याच प्रमाणात वाढतो. खरेदी व विक्री दरांतील अंतर सौद्याच्या पूर्ण मूल्यावर लागू होते. ते ०·०२ टक्के असले, तरी १०० पट उत्तोलनात अनामत रकमेच्या २ टक्के होते. असे दहा सौदे केल्यास दर कोठेही न जाता अनामतीइतक्या भांडवलाचा पाचवा हिस्सा खर्ची पडतो. यूरोपीय प्रतिभूती व बाजार प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिलेल्या माहितीनुसार फरकाच्या करारांत सामान्य ग्राहकांची ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात जात होती.

अनामत संपताच सौदा आपोआप कापला जाईल व तोटा तेथेच थांबेल, ही समजूत नेहमीच खरी ठरत नाही. स्विस मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ पासून यूरोची किंमत १·२० फ्रँकखाली जाऊ न देण्याचे धोरण ठेवले होते. १५ जानेवारी २०१५ रोजी ते अकस्मात मागे घेण्यात आले व काही मिनिटांत फ्रँक प्रचंड वधारला. मधल्या दरांना सौदे मिटविण्यास कोणी खरेदीदार-विक्रेताच उरला नाही. असंख्य ग्राहकांची अनामत तर गेलीच, शिवाय ते दलालांचे ऋणको बनले. एफएक्ससीएम या अमेरिकन संस्थेचे ग्राहकांकडील असे येणे सुमारे २२·५ कोटी डॉलर झाले. अल्पारी या संस्थेच्या ब्रिटनमधील शाखेचे दिवाळे निघाले.

नियमन : उत्तोलनावर कायद्याने मर्यादा घालण्याकडे बहुतेक देशांचा कल आहे. अमेरिकेने ऑक्टोबर २०१० पासून सामान्य ग्राहकांसाठी प्रमुख चलनांत ५० पट व इतर चलनांत २० पट, तर जपानने २०११ पासून २५ पट ही मर्यादा ठेवली. यूरोपीय संघात ऑगस्ट २०१८ पासून प्रमुख चलनांसाठी ३० पटींची मर्यादा आली व ग्राहकाचा तोटा खात्यातील रकमेपलीकडे जाऊ न देण्याचे बंधन दलालांवर घालण्यात आले.

भारतात विदेश विनिमय व्यवस्थापन अधिनियम, १९९९ नुसार रहिवासी व्यक्तीस परकीय चलनाचे व्यवहार केवळ अधिकृत व्यक्तींशी व मान्य प्रयोजनांसाठी करता येतात. मान्यताप्राप्त शेअर बाजारांतील वायदे व रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेले इलेक्ट्रॉनिक व्यवहारमंच यांपलीकडे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने असे सौदे करणे बेकायदेशीर आहे. उदारीकृत प्रेषण योजनेखाली परदेशातील बाजारांत मार्जिन भरण्यासाठी पैसे पाठविण्यास मुभा नाही. अधिनियमाचा भंग झाल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. दूरध्वनीवरील व समाजमाध्यमांतील जाहिरातींद्वारे अनधिकृत मंचांचा प्रसार वाढल्याने रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२२ मध्ये जनतेस सावध केले व सप्टेंबर २०२२ मध्ये अशा ३४ नावांची सूची प्रसिद्ध केली. तीत पुढे वेळोवेळी भर पडली. अशा मंचावर भरलेल्या अनामत रकमेस समाशोधन गृहाची हमी नसते आणि ती परत न मिळाल्यास दाद मागणारा ग्राहक स्वतःच कायदेभंगाच्या आरोपास पात्र ठरू शकतो.

मान्यताप्राप्त बाजारांतही ‘मुळात येणे किंवा देणे असले पाहिजे’ या तत्त्वावर रिझर्व्ह बँकेने भर दिला आहे. जानेवारी २०२४ च्या परिपत्रकानुसार रुपयाच्या वायद्यांत १० कोटी डॉलरपर्यंत सौदा करणाऱ्यास कागदोपत्री पुरावा सादर करावा लागत नाही. मात्र परकीय चलनातील प्रत्यक्ष येणे-देणे असणे बंधनकारक आहे. हा नियम ३ मे २०२४ पासून अंमलात आला व त्यानंतर बाजारातील उलाढाल लक्षणीय प्रमाणात घटली. पूर्वीच्या उलाढालीचा मोठा भाग आयात-निर्यातीशी संबंध नसलेल्यांचा होता, असा त्याचा अर्थ लावला जातो. सटोडिये कमी झाल्याने निर्यातदारास समोरचा पक्ष मिळणे कठीण होते व खरेदी-विक्री दरांतील अंतर वाढते, असा या धोरणावरील आक्षेप आहे. सट्ट्यामुळे बाजारास मिळणारी प्रवाहिता व त्यापासून सामान्य गुंतवणूकदारास संभवणारा धोका यांचा समतोल साधणे, हा मार्जिनविषयक धोरणातील कायमचा प्रश्न आहे.